परीक्षेची खुर्ची जिना उतरली

मित्रांनो, तुमच्यासमोर दोन खुर्च्या ठेवल्या आणि त्यातली एक मी असले, तर तुम्ही दुसरीवरच बसाल. त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुनी, बिनहातांची, गवताच्या विणीची खुर्ची आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे आणि पाठीच्या वरच्या फळीला तडा गेलेला आहे. पण एवढ्यावरून मला मोडीत काढू नका. ज्यांचं नाव निघालं की आमच्या गावातले लोक आवाज खाली आणतात, असे न्यायाधीश आणि वकील तरुणपणी माझ्यावर बसून घामाघूम झालेले आहेत. मी परीक्षेची खुर्ची आहे.

माझा जन्म १९५२ सालचा. डोंगराच्या माथ्यावर आमचं गाव. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून समुद्राची रेघ दिसते म्हणतात, पण मी काही ती पाहिलेली नाही. गावाच्या वेशीजवळ जोकोंदो नावाचा सुतार राहायचा. त्याने बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून माझे पाय तासले. त्याच्या बहिणीने नदीकाठचं पाणगवत भिजवून, पीळ देऊन माझी बैठक विणली. विणताना ती साऱ्या आळीच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती, त्यामुळे माणसांच्या गोष्टी ऐकायची खोड मला जन्मापासूनच लागली.

जोकोंदोने आम्हा बारा बहिणींना हातगाडीवर घालून कायद्याच्या कॉलेजात नेलं. अकरा जणी खालच्या वाचनालयात गेल्या. मला मात्र एका हमालाने डोक्यावर घेतलं आणि वरच्या परीक्षेच्या दालनात नेऊन ठेवलं. चौसष्ट दगडी पायऱ्या होत्या. त्या पुन्हा उतरायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

दालनात एक लांब टेबल होतं. टेबलापलीकडे, चौथऱ्यावर, प्रोफेसरांची खुर्ची. अक्रोडाची, मखमली गादीची, दोन्ही हातांवर सिंहांची मुंडकी कोरलेली. मी तिला मनातल्या मनात राणीसरकार म्हणत असे. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. टेबलाच्या अलीकडे मी, आणि माझ्यावर त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो जीव.

लेखी पेपर कसा असतो ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे परीक्षा तोंडीच. दारावर नावांची यादी लागते, एकेकाला हाक मारली जाते, आणि तो माझ्यावर येऊन बसतो. मागच्या बाकांवर बाकीचे ऐकत असतात, कारण परीक्षा सगळ्यांसमोरच व्हायला हवी असा नियम आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवालीला वाटलं तर तीही येऊन बसू शकते. गुण तीसपैकी मिळतात, अठरा पडले की पास. आणि एक गंमत सांगते. मिळालेले गुण पसंत नसले तर विद्यार्थी ते नाकारू शकतो. मग प्रोफेसर त्याच्या गुणांच्या वहीत सही करत नाहीत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा.

माणूस तोंडाने कितीही ऐटीत बोलू दे, त्याच्या पायांची थरथर माझ्या लाकडात उतरते. कुणाची टाच नाचते, कुणाच्या गुडघ्यावर गुडघा आपटतो. पुढे मोठ्या पदाला पोचलेल्या एका माणसाने तर अशी थरथर केली होती की माझा आखूड पाय त्याच दिवशी सैल झाला. त्याचं नाव मी सांगणार नाही. परीक्षेच्या खुर्चीने काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

मधेच कुणीतरी अफवा उठवली, की माझ्या बैठकीतली एक काडी उपटून खिशात ठेवली तर सत्ताविसाच्या खाली गुण पडत नाहीत. मग काय विचारता! पाचच वर्षांत मला टक्कल पडलं. कॉलेजचा शिपाई सेत्तिमिओ आपल्या बायकोला घेऊन आला आणि तिने मला नव्याने विणलं. सेत्तिमिओ कुरकुऱ्या माणूस. चाव्यांचा जुडगा वाजवत दिवसभर कुणाला ना कुणाला बोलत असायचा. पण माझा खिळा ढिला झालेला त्याला न सांगता कळायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. माणसं येत होती, थरथरत होती, जात होती. मला वाटायचं, न्याय म्हणजे हाच. सगळ्यांना एकच जिना, एकच खुर्ची.

१९९८ च्या फेब्रुवारीत प्रोफेसर सान्तोरींची परीक्षा होती. धिप्पाड माणूस, पांढरी दाढी, आवाज घुमणारा. सहायक म्हणून शेजारी फुल्विया बसलेली, तरुण आणि जिभेची तिखट. तिने यादीतलं नाव पुकारलं, "पेत्तिनारी, इलेनिया!" तर कुणी उठलंच नाही. मग जिन्यावरून धापा टाकण्याचा आवाज आला. दारात एक माणूस उभा राहिला, चेहरा लालबुंद, आणि त्याच्या पाठीवर एक मुलगी.

तो तिचा बाप, एल्विओ. खालच्या गावात बुटांच्या कारखान्यात तळवे शिवायचा. मुलीचे पाय जन्मापासून चालत नव्हते. तिची चाकांची खुर्ची खाली जिन्याशी राहिली होती आणि बाप तिला चौसष्ट पायऱ्या पाठीवरून घेऊन आला होता. त्याने तिला माझ्यावर बसवलं. पण मला हात नाहीत आणि तिचा तोल एका बाजूला जायचा. म्हणून तो तिच्या मागे उभा राहिला आणि परीक्षा संपेपर्यंत तिचे खांदे धरून ठेवले.

प्रोफेसरांनी पहिला प्रश्न विचारला. इलेनियाने तोंड उघडलं. मित्रांनो, तिची जीभही तिच्या पायांसारखीच हट्टी होती. एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. शब्द नीट असायचा, पण उशिरा यायचा. तिने चार शब्द उच्चारले आणि पाचव्यासाठी थांबली, तेवढ्यात प्रोफेसरांनी हसून तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं.

"हेच म्हणायचं होतं ना तुला? बरोबर! अगदी बरोबर!"

दुसऱ्या प्रश्नालाही तसंच झालं. चार मिनिटांत परीक्षा संपली. सत्तावीस गुण. मागच्या बाकांवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, जे परीक्षेत कधी होत नाही. एल्विओने बाहीने डोळे पुसले. प्रोफेसर सान्तोरींचेही डोळे ओलावले होते. माणूस वाईट नव्हता हो, उलट काळीज लोण्याचं. तिथेच तर घोटाळा होता.

आणि ती मुलगी? तिच्या पायांची थरथर नव्हतीच. पण तिचं सगळं अंग रागाने ताठरलं होतं, ते मला बैठकीत जाणवलं. खरं सांगते, मला तेव्हा ती कृतघ्न वाटली. एवढे गुण पदरात पडले, बापाने एवढं ओझं वाहिलं, आणि हिचं तोंड वाकडं! मी जुन्या वळणाची खुर्ची, मला कुठून कळणार?

दोन वर्षांत तिने सहा विषय दिले. प्रोफेसर बदलले, पण रीत तीच राहिली. बाप पाठीवर घेऊन यायचा, दोन प्रश्न व्हायचे, शाब्बास शाब्बास म्हणत सत्तावीस नाहीतर अठ्ठावीस पडायचे. चौथ्या खेपेला एल्विओ मधल्या वळणावर बराच वेळ बसून राहिला. सहाव्या खेपेला त्याचा पाय घसरला. तिचं कोपर भिंतीवर आपटून सोलवटलं आणि त्याची कंबर धरली. सेत्तिमिओने दोघांना उठवलं.

"एल्विओ, तुझं वय झालं आता. किती दिवस असं चालणार?" तो म्हणाला.

"ती वकील होईपर्यंत," एल्विओ कण्हत म्हणाला. "मग तीच मला कोर्टात खेचेल, कंबर नीट ठेवली नाही म्हणून."

इलेनिया हसली नाही. त्या दिवशी जाताना तिने सेत्तिमिओला एवढंच विचारलं, की अर्ज द्यायचा तर कुठल्या खिडकीवर द्यायचा.

तिने अर्ज दिला. आमच्या देशात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक कायदा होता आणि वर्षापूर्वीच त्याला कॉलेजांसाठी नवी कलमं जोडली गेली होती. त्यांना पोचता येईल अशा जागी परीक्षा घ्या, लागेल तेवढा जास्तीचा वेळ द्या, लागतील ती साधनं द्या, असं त्यात होतं. कायद्याच्याच कॉलेजात हा कायदा कुणी वाचला नव्हता, याचं मला अजून नवल वाटतं. कचेरीतले लोक मात्र खजील झाले. अरेरे, बिचारी, म्हणत त्यांनी लगेच हुकूम काढला, की पेत्तिनारीची दिवाणी कायद्याची परीक्षा तळमजल्यावर घ्यावी.

तळमजल्यावर रिकामी होती ती फक्त दाराजवळची सेत्तिमिओची खोली. तिथे चाव्या, छत्र्या, कॉफीची किटली आणि गेल्या वीस वर्षांत विद्यार्थी विसरून गेलेले कोट. जूनच्या आठ तारखेला सेत्तिमिओने एका खांद्यावर छोटं टेबल घेतलं, दुसऱ्या हातात मला उचललं, आणि मी पहिल्यांदा जिना उतरले. पायऱ्या मधोमध किती झिजल्या आहेत ते मी तेव्हा पाहिलं.

हा विषयही प्रोफेसर सान्तोरींकडेच होता. खोलीत एकच खुर्ची मावत होती, म्हणून माझ्यावर ते बसले. फुल्विया भिंतीला टेकून उभी राहिली. इलेनिया आपल्या चाकांच्या खुर्चीतून आत आली आणि वाऱ्याची झुळूक नको म्हणून प्रोफेसरांनी प्रेमाने दार लावून घेतलं. एल्विओ बाहेर राहिला.

पुन्हा तेच. पहिला प्रश्न, तिचे चार शब्द, आणि उरलेलं वाक्य प्रोफेसरांचं. दुसरा प्रश्न, तिचे तीन शब्द, उरलेलं प्रोफेसरांचं.

"अठ्ठावीस!" ते म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. "शाब्बास, पेत्तिनारी. आण ती वही."

इलेनियाने वही मांडीखाली सरकवली.

"मी हे गुण नाकारते, सर."

प्रोफेसरांचं पेन हवेतच थांबलं. फुल्विया भिंतीपासून सरळ झाली.

"कमी वाटले का गं?" तिने विचारलं.

"नाही. जास्त वाटले." इलेनिया सावकाश बोलत होती आणि या वेळी तिला कुणी तोडलं नाही, कारण ती काय म्हणणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "दोन प्रश्न झाले. दोन्हींची अर्धी उत्तरं सरांनी दिली. म्हणजे यातले चौदा सरांचे आहेत."

"अगं मुली, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं मी ते!" प्रोफेसरांचा आवाज दुखावलेला होता.

"मला त्रास होऊ दे, सर. बाकीच्यांना होतो की. परवा बेनेदेत्तीला तुम्ही पाऊण तास पिळलंत. बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. मला त्याचा हेवा वाटला."

"म्हणजे तुला सवलत नकोच म्हण ना! मग अर्ज कशाला केलास?"

"सवलत हवी आहे. कायद्याने दिलेली हवी आहे. जागा मला येता येईल अशी हवी. वेळ दुप्पट हवा, कारण माझं बोलणं हळू चालतं. प्रश्न मात्र इतरांएवढेच हवेत आणि इतरांएवढेच कठीण. आणि हे दार उघडं हवं. दाराआड झाली तर ती परीक्षाच नाही. उद्या मी कोर्टात उभी राहीन. समोरचा म्हणेल, हिला दयेवर पास केलंय. तेव्हा माझी परीक्षा ऐकलेली माणसं कुठून आणू?"

इतकं सगळं बोलायला तिला बराच वेळ लागला. किटलीतलं पाणी उकळून आटत आलं होतं. सेत्तिमिओची ती रोजची किटली, पण उठून बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दार उघडून एल्विओने डोकं आत घातलं. "काय झालं? नापास?"

"अठ्ठावीस देताहेत, बाबा. मी घेत नाहीये."

"डोकं फिरलंय का तुझं? इले, अगं अठ्ठावीस! मला शाळेत अठ्ठावीस फक्त छड्या मिळाल्यात! घे की गं मुकाट्याने!"

"बाबा, दार उघडंच ठेवा."

आता काय पणाला लागलं होतं ते सांगते. शरदात जिल्ह्याच्या न्यायालयात चार विद्यार्थ्यांना काम शिकायला पाठवणार होते. दिवाणी कायदा पास असेल त्यालाच अर्ज करता येणार होता आणि यादी जूनअखेर बंद होत होती. इलेनियाला लहानपणापासून एवढीच एक जागा हवी होती, न्यायालयातली. अठ्ठावीस घेतले असते तर ती जागा हातात होती. नाकारले, तर तिच्याजवळ एकच खेप उरत होती, सत्तावीस तारखेची.

"आणि त्या दिवशी नापास झालीस तर?" प्रोफेसरांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात लोणी नव्हतं.

"तर नापास. पण ती मी असेन."

प्रोफेसरांनी फुल्वियाकडे पाहिलं. फुल्वियाने पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि म्हणाली, "सर, ती बरोबर बोलतेय. एक शब्दही इकडचा तिकडे नाही. आपणच वाचायला हवं होतं."

प्रोफेसर उठले. दारात थांबून त्यांनी सेत्तिमिओला विचारलं, "अंगणात सावली किती वाजता येते?"

"नऊला, साहेब."

"मग सत्तावीस तारखेला टेबल अंगणात. माझी अख्खी यादी खाली. एकवीसच्या एकवीस."

"आणलंच म्हणून समजा. मी काय, टेबलं वाहायलाच जन्मलोय," सेत्तिमिओ म्हणाला, पण त्याच्या मिशीखाली हसू होतं.

सत्तावीस तारीख उजाडली. चारी बाजूंना कमानी, मधे विहीर, असं आमचं अंगण. सेत्तिमिओने लांब टेबल खाली आणलं. मग राणीसरकारांना आणायला चार तगडे विद्यार्थी वर गेले. राणीसरकार चौथऱ्याला खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. पोरांनी जोर लावला तेव्हा एका सिंहाचा कान त्यांच्या हातात आला आणि खुर्ची तसूभर हलली नाही.

"राहू द्या तिला," प्रोफेसर म्हणाले. "ती गवताची आहे ना, ती आणा."

अशा रीतीने मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले. मुलांसाठी एक बाक ठेवलं होतं. खोलीतला तो थोडा वेळ सोडला, तर अठ्ठेचाळीस वर्षं मी प्रोफेसरांना टेबलाच्या अलीकडून, समोरूनच बघत आले होते, आणि त्या दिवशी सकाळभर एका प्रोफेसरांचं नव्वद किलो वजन माझ्यावर होतं. माझा आखूड पाय फरशीच्या फटीत बसला म्हणून बरं.

गावभर बोभाटा झालेला होता. कमानींखाली माणसांची दाटी होती. विद्यार्थी होते, कचेरीतले कारकून होते, बुटांच्या कारखान्यातले एल्विओचे सोबती अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते, आणि समोरच्या बेकरीची बाई पिठाच्या हातांनीच येऊन उभी होती. यादी अक्षरांप्रमाणे चालली. बाराव्या नंबरला फुल्वियाने हाक मारली, "पेत्तिनारी!"

"जा लांडग्याच्या तोंडात!" मुलं ओरडली. परीक्षेला जाणाऱ्याचं आमच्याकडे असंच भलं चिंततात.

"मरो तो लांडगा!" इलेनियाने रीतीप्रमाणे उत्तर दिलं आणि चाकं फिरवत टेबलासमोर आली. बाक बाजूला सरकवलं गेलं. एल्विओ सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याचे हात खांदे धरायला पुढे झाले. पण तिच्या खुर्चीला पट्टा होता, हात होते, उंच पाठ होती. धरायला काही उरलं नव्हतं. त्याने ते हात खिशात घातले आणि तो विहिरीपाशी गेला.

पहिले दोन प्रश्न करारांचे होते. तिने उत्तरं दिली. सावकाश, पण पुरी. प्रोफेसर गप्प बसले होते. मित्रांनो, गप्प बसणं किती कष्टाचं असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती शब्दासाठी थांबली की प्रोफेसरांची टाच नाचायला लागायची. त्यांचा गुडघा टेबलाच्या पायावर आपटायचा. ज्या थरथरीने माझ्यावर पिढ्यान् पिढ्या पोरं हादरली, तीच थरथर आज त्यांच्या पायांतून माझ्यात उतरत होती.

तिसरा प्रश्न. "एखाद्या जागेला रस्ता आहे, पण अपुरा आहे आणि रुंद करता येत नाही. शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट मागता येईल का?"

"येईल," इलेनिया म्हणाली. "गरज शेतीची असेल, किंवा कारखान्याची असेल..."

ती थांबली. तिचा जबडा ताणला गेला. शब्द तिच्या गळ्याशी येऊन अडला होता. प्रोफेसर पुढे वाकले. त्यांचं तोंड उघडलं. वाक्य कारखान्याशीच संपतं, आता फक्त 'तर' म्हणायचं राहिलंय, हे त्यांना तीस वर्षं पाठ होतं. फुल्वियाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तो दाब माझ्यापर्यंत आला. प्रोफेसरांनी तोंड मिटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. विहिरीच्या कठड्यावरचं कबूतर उठून कमानीवर गेलं, परत आलं.

"किंवा," इलेनिया म्हणाली, "त्या घरात अपंग माणूस राहत असेल."



"कायद्यात आधी शेती आणि कारखाना एवढंच होतं," ती पुढे म्हणाली. घाम तिच्या कपाळावरून हनुवटीवर आला होता. "गेल्या वर्षी मे महिन्यात घटनेच्या न्यायालयाने सांगितलं, की जमिनीसाठी वाट मागता येते, तर माणसासाठीही आलीच पाहिजे."

मला आजही ते अंगण दिसतं. कारकून, पोरं, ती बेकरीवाली बाई, सगळी माणसं श्वास धरून उभी. आणि माझ्या बैठकीवरची थरथर एकदम थांबली. नव्वद किलोचा तो माणूस इतका स्थिर झाला की मला वाटलं त्याला काही झालं की काय.

"मी इथे 'कारखाना' वर थांबलो असतो," प्रोफेसर हळूच म्हणाले. ते तिला म्हणाले, फुल्वियाला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. "तो निकाल मी वाचलाय. पण तुझं वाक्य मी पुरं केलं असतं तर ते चुकलं असतं." मग त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या परीक्षेत मी तुझी किती वाक्यं पुरी केली होती, पेत्तिनारी?"

"सात, सर."

"त्यातली किती बरोबर होती?"

"दोन."

कमानींखाली खसखस पिकली. सगळ्यात मोठ्याने हसला तो सेत्तिमिओ. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि चौथा प्रश्न विचारला, चांगला खडा, वारसाहक्काचा. आता त्यांनी तिला सोडलं नाही. उलटून विचारलं, खोदून विचारलं, तिच्याच बोलण्यात तिला पकडलं. ती पांढरीफटक पडली. पाचव्या प्रश्नाला तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "हे मला येत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ हुशार मुलं पाहिली आहेत. पण एवढ्या माणसांसमोर, हातातली जागा जाऊ शकते हे ठाऊक असताना, एवढ्या सरळपणे 'येत नाही' म्हणणारं कुणी पाहिलं नव्हतं. मी गवताची आहे, पण माझ्या अंगावर काटा आला.

एक तास दहा मिनिटं झाली होती. प्रोफेसरांनी फुल्वियाशी कुजबुज केली आणि उभे राहिले. गुण सांगताना ते कधी उभे राहत नसत.

"पंचवीस," ते म्हणाले. "पाचवा येत नव्हता आणि चौथ्यात एकदा घसरलीस. पंचविसाच्या वर मी एकही देणार नाही. स्वीकारतेस?"

"स्वीकारते," ती म्हणाली. तो एक शब्द मात्र कुठेही अडला नाही.

तिने वही पुढे केली. प्रोफेसरांनी सही केली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. परीक्षेत वाजवत नाहीत. यादीतल्या पुढच्या मुलाला हाक मारली गेली आणि तो आपला चेहरा पुसत बाकावर येऊन बसला.

एल्विओ विहिरीपासून धावत आला. "अठ्ठाविसाचे पंचवीस झाले आणि हसतेस काय, येडे?"

"बाबा," ती वही छातीशी धरून म्हणाली, "हे सगळे माझे आहेत."

 त्याने वही घेतली, उघडली, आणि तो कमी शिकलेला माणूस ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. रडायला त्याला खाली वाकावं लागलं, कारण या खेपेला ती त्याच्या पाठीवर नव्हती, समोर होती.

शरदात इलेनिया न्यायालयात गेली. त्यापुढचं मला सेत्तिमिओच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. कॉलेजात परीक्षा तेव्हापासून तळमजल्यावरच होतात. काही वर्षांनी दाराशी उतरण बांधली, मग लिफ्टही आली. कमी ऐकू येणारा एक मुलगा आला, त्याला प्रश्न लिहून दिले गेले. डोळ्यांनी न दिसणारी एक मुलगी आली, तिची बोटांनी वाचायची पुस्तकं टेबलावर पसरली गेली. दर खेपेला कुणी ना कुणी कुरकुरलं आणि दर खेपेला अंगणातली ती सकाळ कुणीतरी सांगितली. राणीसरकार अजून वरच आहेत, एका कानाच्या सिंहासह. त्यांच्याकडे कुणी जात नाही.

माझंही वय झालं. सेत्तिमिओ निवृत्त झाला. आता मी जिन्याखालच्या कोपऱ्यात असते. गवत विसकटलंय आणि झाडणारी बाई माझ्यावर बादली ठेवते. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मुलांनो, मला पुसा, मला सांभाळा, म्हातारपणी मला विसरू नका. पुसलंत तर बरंच वाटेल, नाही म्हणत नाही.

पण माझं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, माझं वजन साडेतीन किलो आहे. टेबल जड असतं, पण दोघांनी धरलं की तेही हलतं. आम्ही हलवण्यासाठीच घडवलेल्या वस्तू आहोत, हे मला स्वतःला कळायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, तुम्हाला तेवढी लागू नयेत. कधी कुणी जिन्याच्या पायथ्याशी थांबलेलं दिसलं, तर त्याला पाठीवर घ्यायला लगेच वाकू नका. आधी वर जा आणि आम्हाला खाली घेऊन या.